बिनविरोध सत्कार

माझे वडील, आबा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याला आले आणि कॉम्प्युटरच्या नादाला लागले. माजी सैनिकांचे अर्ज टाइप करण्यासाठी त्यांनी एक मराठी प्रोग्रॅम स्वतः लिहिला आणि मागेल त्याला त्याची फ्लॉपी फुकट द्यायला सुरुवात केली. तीही आतल्या सगळ्या कोडसकट. बघा, बदला, आणि काही चांगलं केलंत तर आम्हालाही द्या, एवढीच अट. नव्वदच्या दशकात हे ऐकून लोकांना आबांच्या डोक्याची शंका यायची.

सांगलीच्या काही मंडळींना मात्र ते आवडलं. कॉलेजातले एक प्राध्यापक, एक कॉम्प्युटर क्लासवाले, आटपाडीचे एक शाळामास्तर आणि आणखी दोघंतिघं. महिन्याच्या एका रविवारी क्लासच्या खोलीत बैठक व्हायची. कुणी काय बदल केला ते दाखवायचं आणि त्यातलं मूळ प्रतीत काय घ्यायचं ते ठरवायचं. मूळ प्रत आबांच्या ताब्यात असे, आणि तिच्यावरूनच पुढच्या फ्लॉप्या निघत. टायपिंग करून चुका शोधायचं काम माझं, म्हणून मीही एसटीनं त्यांच्याबरोबर जायची.

आमच्याकडे साखर कारखान्यापासून दूध सोसायटीपर्यंत सगळं बिनविरोध लागतं. मतदान झालं की गट पडतात, ही भीती. म्हणून आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी बसून सगळं ठरवायचं, अडणाऱ्याला माघार घ्यायला लावायची, आणि सभेत एक सूचक, एक अनुमोदक, बाकीच्यांनी ‘मंजूर, मंजूर’ म्हणायचं. या शिकल्यासवरलेल्या लोकांनी कॉम्प्युटर नवा घेतला, सभा मात्र दूध सोसायटीचीच ठेवली. आबांनाही तेच पटायचं. हात वर करून मतं मोजणं म्हणजे त्यांच्या लेखी भांडण.

प्राध्यापकांचं कोड आबा तोंडावर नाकारायचे. “सर, घाईत लिवलंय तुमी. परत लिवा.” प्राध्यापक हसायचे, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

एका रविवारी आम्ही पोचलो तर टेबलावर शाल, श्रीफळ आणि फेटा. आबा हरखले. फेटा त्यांना सैल झाला, सारखा डोळ्यांवर येत होता, आणि तो सावरत ते क्लासवाल्यांचं भाषण ऐकत होते. “सुभेदार साहेब आमचं दैवत. या वयात त्यांना कामाचा त्रास देणं आम्हाला शोभत नाही. आजपासून ते आमचे मार्गदर्शक. मूळ प्रत सर सांभाळतील. ही सूचना साहेबांनीच मांडावी, त्यांच्याच तोंडून ती शोभेल.”

आबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्यांचे जिवाभावाचे. मास्तर पेढ्याचा कागद सोडवत होते. आबांनी सूचना मांडली, मास्तरांनी अनुमोदन दिलं. मंजूर, मंजूर. इतकं गोड बोलून काटा काढलेला मी नंतरही कधी पाहिला नाही.

नवी फ्लॉपी निघाली. तिच्यात मजकूर लांब झाला की सेव्ह करताना शेवटची पानं उडत. लोणंदचे एक निवृत्त हवालदार आपल्या फौजेतल्या आठवणी टाइप करत होते, त्यांची पानं गेली. फ्लॉपीवर अजून आबांचंच नाव, त्यामुळे ते आमच्या दारात येऊन ओरडले. आबांनी कोड उघडलं. चूक प्राध्यापकांच्या भागात होती. दुरुस्ती करून ते पुढच्या बैठकीला सांगलीला घेऊन गेले.

“साहेब, मार्गदर्शकांना सूचना मांडता येत नाही,” प्राध्यापक अगदी मायेनं म्हणाले. “कुणी सूचक आहे का?”

मास्तर पंख्याकडे बघत बसले. मी म्हणाले, “मी मांडते.”

“ताई, तुम्ही सभासद नाही,” असं म्हणून क्लासवाल्यांनी चहा मागवला. तो चहा आबांनी प्यायला. मी कप तसाच ठेवला.

सांगली स्टँडवर मी भडकले. “आबा, कोड सगळ्यांचं आहे, तुम्हीच सांगता ना? मग आपण आपली दुरुस्त प्रत वाटू. कुणाला विचारायचं कशाला?”

“मंग दोन परती हुतील. गट पडतील.”

“पडू देत की!”

“न्हाई. सभेत मंजूर झालंय.”

पुढच्या आठवड्यात हवालदार परत आले. पुन्हा पानं गेली होती. “आवं सुभेदार, पोरं गेल्याली हायती त्यात माझ्या पलटणीतली. परत कशी आठवू?” दुरुस्त फ्लॉपी आतल्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारीच पडली होती. आबा म्हणाले, “थोडं थोडं लिवून निराळं ठेवा.” मी फ्लॉपी आणायला उठले, तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. परेडवर द्यावा तसा हुकूम होता त्या पकडीत.

हवालदारांनी लिहिणं सोडून दिलं. सांगलीच्या लोकांवरचा माझा राग कधीच ओसरला. कोती माणसं होती, कोतेपणाच करणार. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांना अजून देवमाणूस म्हणतात, आणि मी तिथून उठून जाते.