काना नसलेला शब्द

आमच्या हडपसरच्या सोसायटीत एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहतात. खिशाला कायम लाल पेन. नोटीस बोर्डावर चूक दिसली की तिथंच दुरुस्त करतात. मी चौथीत शाळा सोडली, पण दुरुस्त करून घ्यायची मला सवय नाही.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून सर म्हणाले, "अहो, यकृताचं विकर वाढलंय रक्तात."

मी ऐकलं विकार. "विकार आसंल तुमच्या घरात!" म्हणालो आणि कागद हिसकावून घेतला. आठ दिवस बोललो नाही. दवाखान्यातही गेलो नाही.

नवव्या दिवशी सर भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभे. "चावत राहा. गिळायचं नाही."

चावता चावता तोंड गोड झालं. "साखर घातली का काय?"

"तुमच्या थुंकीतल्या विकरानं केली. मोड आलेल्या सातूत असंच एक सापडलं, त्याला दोनशे वर्षं होत आली."

"मग चांगलंच हाय की. वाढलं तर बिघडलं कुठं?"

"जागेवर चांगलं. रक्तात सांडलं म्हणजे यकृताला इजा झालीय. चला डॉक्टरकडे." त्यांनी रिपोर्टवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात 'विकर' लिहिलं. "काना नाही, बघा."

माझ्याच तोंडात राहून मला न विचारता काम करणारं हे काय असतं, मला अजून कळलेलं नाही. पण डॉक्टर 'एन्झाइम' म्हणाले तेव्हा सरांच्या आधी मीच म्हणालो, "विकर म्हणा. काना नाही त्याला."