टोकाचा मणी
आमच्या शहरातल्या द्वारका चौकात हंगामाआधीच आलेली हिरवी द्राक्षं हातगाडीवर दिसली, की मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आमच्या बागेतल्या घराची ओसरी आठवते. त्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. बागेत फवारलेल्या गंधकाचा वास होता, वेलींच्या मांडवाखाली गारवा होता आणि द्राक्षं उतरायला अजून पंधरवडा होता. "आंबट हायेत अजून, केळी आणा," आई म्हणाली. वडील ऐकेनात. बागायतदाराच्या घरी पाहुण्यांपुढे विकतचं फळ ठेवायचं, हे त्यांना पटेना. घडात वरचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचा सगळ्यात शेवटी, म्हणून व्यापारी नेहमी टोकाचाच चाखतो. ताट भरताना मी तो चाखला आणि माझे दात आंबले. मुलगा ओझरला कारखान्यात कामाला होता, पण द्राक्षवाल्याच्याच घरातला. त्याने घड उचलला आणि नेमका टोकाचा मणी तोडला. वडील बोलता बोलता थांबले. त्याने तो सावकाश चावून खाल्ला, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "गोड हायेत," तो म्हणाला आणि दुसराही टोकाचाच घेतला. वडिलांचा चेहरा असा खुलला, की आत येऊन आईने "कसा वाटला?" विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. परवा त्या हातगाडीवरून मी घड आणला. ह्यांनी टोकाचा मणी तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "आंबटढाण आहे," म्हणाले. ऐकायला आता वडील नाहीत.