साडेपाचचं पाणी

एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं मिळताना दिसलं की माझं डोकं फिरतं. दोष बालपणाचा. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या, कारखान्याच्या क्वार्टरांत आमचं लहानपण गेलं आणि तिथे घर बाबांच्या ग्रेडप्रमाणे मिळायचं. वरच्या ग्रेडवाल्यांना पेरूची झाडं आणि अंगण, आम्हाला सायकल टेकवण्यापुरती जागा. फक्त पाणी तेवढं साहेबाला आणि कारखान्यातल्या खलाशी मजुराला एकाच वेळी यायचं. पहाटे साडेपाचला नळ सुरू होई आणि बाबा पहिल्या पाळीला निघेपर्यंत आईचा ड्रम भरलेला असे. त्या नळाइतकं न्यायी मी तेव्हा दुसरं काहीच पाहिलं नव्हतं.

पुढे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनियर झाले आणि शहराच्या कडेला असलेल्या कुरुदच्या एका नव्या वस्तीचं पाण्याचं वेळापत्रक माझ्या टेबलावर आलं. मी पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले. सगळ्या गल्ल्यांना पहाटे साडेपाच ते साडेसहा, एक तास, सारख्या दाबाने. त्याआधी तिथे टँकर यायचा आणि ज्याचा आवाज मोठा त्याचीच बादली आधी भरायची. ती दादागिरी मी बंद केली. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हुडको कॉलनीतली आमची गल्ली घाण दिसू लागली. बाबा रिटायर झाल्यापासून आम्ही तिथेच राहतो. रोज साडेपाचला ऐकू येणारा झाडूचा आवाज कधी येई, कधी अर्ध्यावरच थांबे. मी रीतसर तक्रार केली. तक्रार करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दोन दिवसांनी गल्ली झाडणारी बाईच फाटकाशी आली. वय माझ्याएवढंच, ठेकेदाराकडे कामाला. "मॅडम, तुमी कंप्लेंट केली म्हणे," ती म्हणाली. "माया तीन हाजऱ्या कटल्या. चौथी कटली का कामावरून नाव कटते."

"मग अर्ध्यातून जाता कुठे?" मी विचारलं. आवाज चढाच होता.

"घरी. नळ आला रायते न. इकडं साडेपाचले हाजरी, तिकडं साडेपाचले पानी. सासू खाटेवर हाये, तिले उठता येत नाई. शेजारीन भरून देते, पन तिचंच भरता भरता नळ जाते. म्हातारीले दिवसभर बिनापान्याचं कशी ठेवू?"

"राहता कुठे?"

"कुरुदले. नवीन वस्तीत."

तिला माहीत नव्हतं की ते साडेपाच मी लिहिलेलं आहे. मी सांगून टाकलं. तिने फाटक हळूच ओढून घेतलं आणि निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी बाबांपुढे वकिली सुरू केली. एकीसाठी वेळ बदलली की प्रत्येकाची वेगळी वेळ होईल, सगळ्यांना सारखं म्हणजे सारखं, वगैरे. बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

"तुले होस्टेल कावून भेटलं होतं?"

"मार्कांवर."

"मार्क तर तुह्या वर्गातल्या बाकीच्या पोरींलेही होते. तू शिकाले गेली त्या शहरात आडनाव आयकून आपल्याले खोली कोनी देत नव्हतं, म्हनून आपल्या पोरींसाठीचं होस्टेल भेटलं. पेपर साऱ्यायले एकच होता, बाई. पेपरापर्यंत पोचाले तुले होस्टेल लागलं."

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "अन् तो साडेपाचचा ड्रम कोन भरे? मी घरी होती म्हनून भरे."

इतकी वर्षं मी त्या नळाचे गोडवे गात होते आणि ड्रमापाशी उभी असलेली बाई मला दिसलीच नव्हती. मला स्वतःचा राग आला. भिलाईत वाढलेल्या माणसाचीच ही चूक. कारखान्याची पाळी जशी धावते तसं जगातलं प्रत्येक घर धावतं, असं आम्ही धरून चालतो. कुरुदची वस्ती कारखान्याच्या पाळीवर नव्हती. तिथल्या कितीतरी बायका पाळी सुरू व्हायच्या आधीच शहर झाडायला बाहेर पडलेल्या असत.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरला भेटून तक्रार मागे घेतली. तो म्हणाला, "मॅडम, कंप्लेंट छोड़िए, हाजिरी तो हाजिरी है." त्याने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. सोमवारी ती पुन्हा अर्ध्यातून गेली तर नाव कटणार. हातात चार दिवस होते.

माझ्या ऑफिसातले सहकारी हसले. "एक गली को देंगे तो सब माँगेंगे." मी म्हटलं, मागू दे, मागितल्याशिवाय कळणार कसं? पाणी सगळ्यांना एकच तास मिळेल, त्यात एक मिनिट कमी-जास्त नाही. तो कधी हवा, ते गल्ली सांगेल. प्रत्येक गल्लीला वेगळा व्हॉल्व्ह होताच. तो फिरवणाऱ्या माणसाला एक फेरी वाढणार होती, आणि त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार.

वही घेऊन मी वस्तीत गेले. बहुतेक गल्ल्या सकाळवरच खूश होत्या. त्या बाईच्या गल्लीत मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की तुमचं पाणी आता संध्याकाळी. लगेच एक शिवणकाम करणारी कडाडली, "वा मॅडम! इची सोय केली अन् आमची वाट लावली! सांजच्याले मी दुकानात रायते." म्हणजे न विचारता ठरवायची खोड अजून गेली नव्हती. मी ओट्यावर बसले. तासभर भांडण ऐकलं, चहा झाला, पुन्हा भांडण झालं. शेवटी त्या बायकांनीच तोड काढली: अर्धा तास पहाटे, अर्धा तास संध्याकाळी. तास तोच. अर्ध्या तासात सगळ्यांचं भरणार नाही, म्हणून पहाटे शिवणवालीसारख्या घरी असणाऱ्यांनी भरायचं आणि संध्याकाळी झाडायला जाणाऱ्यांनी. मी फक्त लिहून घेतलं.

मंजुरी मिळायला शनिवार उजाडला. साहेबांपुढे मी जरा जास्तच बोलले, पण सही घेऊनच उठले. रविवारी संध्याकाळी त्या गल्लीत पहिल्यांदा पाणी सुटलं. मी गेले नाही. तिथे जाऊन आभार ऐकायचे, हे मला जमलं नसतं.

सोमवारी पाचलाच जाग आली. आई नेहमीप्रमाणे उठून स्वयंपाकघरात होती. आता छतावर टाकी आहे, ड्रम भरायची गरज नाही, तरी ती याच वेळी उठते. मी खिडकीशी बसले. साडेपाच झाले, गल्ली गप्प. पाच मिनिटं गेली. वाटलं, आपला शहाणपणा उशिरा पडला, आता तिचं नाव कटणार.

मग कोपऱ्यावरून तिचा झाडू सुरू झाला. आमच्या फाटकासमोरून गेला, पुढे गेला, आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत कुठेही थांबला नाही. आईने माझ्यासमोर चहा ठेवला, तेव्हा मी रडत होते.