पाशामियाँचा खांब आणि कल्याणप्पाची गाठ

आमच्या लोहाऱ्यात फुकट अक्कल वाटणारे पुष्कळ, आणि कल्याणप्पा त्यांचा म्होरक्या. जत्रेची काठी दरसाल त्याच्या हुकुमानं उभी राहायची. तेवढ्यावर जगातल्या तमाम उभ्या वस्तूंचं ज्ञान आपल्याला झालंय, असा त्याचा समज होता.

पाशामियाँ निजामाच्या फौजेत बिनतारी यंत्रावर होते. विलीनीकरणानंतर फौज मोडली आणि ते शिलाई मशिनी दुरुस्त करू लागले. बरोबरीचा दोस्त फकरुद्दीन नैरोबीला गेला. एकसष्ट साली दोघांकडेही घरच्या यंत्रावरून दूरदेशी बोलायचा, हौशी रेडिओचा परवाना आला आणि पत्रातून वेळ ठरली. शुक्रवारी दुपारी चारला, तेरा वर्षांनी, एकमेकांचा आवाज ऐकायचा.

त्यासाठी पन्नास फुटी खांबावर अँटेना हवी, आणि ती नैरोबीच्या दिशेला वळवता यायला हवी. वळवायचं विजेचं यंत्र परदेशी, ते लोहाऱ्यात कुठून येणार? पाशामियाँनी खांबाचं बूड आडव्या ठेवलेल्या गाडीच्या चाकात बसवायचं ठरवलं. चाक ढकललं की खांब फिरणार. चार बाजूंच्या ताणाच्या तारांसाठी त्यांनी वर एक सैल कडं केलं होतं. तारा कड्याला, खांब कड्यात मोकळा. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं.

कल्याणप्पाला कळलं नाही. जत्रेच्या काठीला दोर घट्ट आवळतात, तेवढंच त्याला ठाऊक. काठी कुणी फिरवत नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. खांब जमिनीवर आडवा असतानाच त्यानं कडं काढून फेकलं आणि तारा थेट खांबाला आवळायला लावल्या. आणि आमचे पाशामियाँ? वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले. असल्या अदबीची मला चीड येते.

शुक्रवारी पावणेचारला त्यांनी चाक ढकललं. तारा खांबाभोवती गुंडाळल्या गेल्या, त्यांची एक खुंटी उपटली आणि खांब शेजारच्या गोठ्यावर आडवा झाला. कल्याणप्पानं खुंटीला दोष दिला, चहा प्यायला आणि घरी गेला.

पाशामियाँनी लगेच नैरोबीला बोटीच्या टपालानं पत्र टाकलं. ते वाटेत असतानाच तिकडचं पत्र विमानानं आलं, पण पाशामियाँच्या बायकोच्या, जैनबबीच्या नावानं. फौजेत पाशामियाँ कधी एक मिनिट चुकले नव्हते. फकरुद्दीननं लागोपाठ तीन शुक्रवार हाका मारल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यानं एकच अर्थ काढला. भाभीचं सांत्वन करून त्यानं दोस्ताच्या आत्म्याच्या शांतीसाठी फातेहा पढल्याचं कळवलं होतं. जैनबबीला वाचता येत नव्हतं, म्हणून ते पत्र पाशामियाँनीच तिला वाचून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात खांब पुन्हा उभा करायला घेतला. कल्याणप्पा बाह्या सारून हजर. "पाशा, तारा आण इकडं. आमी हाव की."

पाशामियाँनी त्याच्यासाठी खुर्ची मांडली, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"अप्पा, तुम्ही तिथं बसा," ते म्हणाले. "मी एकदा मेलो, तेवढं लई झालं."