फायनलच्या दिवशी आम्ही तालमीत होतो

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या क्रीडाशिक्षक सरांचा फोन आला. सर निवृत्त झालेत, पण आवाज तसाच, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. "आरं, कॉलेजचा वर्धापनदिन हाय. तुमच्या फुटबॉल टीमचा सत्कार ठरलाय. फेटं बांधून मिरवणूक काढायची. अपराजित संघ! कॉलेजात असला दुसरा झालाय का सांग की!" मी "व्हय सर" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

अपराजित म्हणे! त्या वर्षी आम्ही एकही मॅच हरलो नाही, हे खरं आहे. आठ मॅच खेळलो, सहा जिंकल्या, दोन बरोबरीत सुटल्या. नववी मॅच म्हणजे फायनल, आणि ती आम्ही खेळलोच नाही. समोरच्या कॉलेजला वॉकओव्हर मिळाला, कप ते घेऊन गेले. आणि आमच्या कॉलेजनं काय करावं? क्रीडा विभागाच्या भिंतीवर आमचा फोटो लावला आणि खाली सोनेरी अक्षरात लिहिलं, 'अपराजित संघ'. मैदानावर आला नाही त्याला हरवणार कोण? बारा वर्षं तो फोटो तिथं आहे. फोटोत डावीकडून तिसरा मी. दात काढून हसतोय.

आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की आधी पेठेतल्या तालमीत जाऊन मारुतीच्या पाया पडतं आणि मग बॉलला लाथ मारतं. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम. आमची पेठ आणि पलीकडची पेठ यांच्यात एक रस्ता आहे फक्त, पण मॅच असली की तो रस्ता ओलांडून कुणी दूध आणायलाही जात नाही. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये मात्र दोन्ही पेठांची पोरं होती. पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला काय तमाशा! आम्ही आमच्यातच पास देतोय, ते त्यांच्यातच. एकाच टीमच्या दोन टीम. सर शिट्टी वाजवून वाजवून थकले.

हे सुधारलं ते आमच्या गोलकीपरनं. तो शहराबाहेरच्या गडमुडशिंगी गावचा. त्याला ना पेठ, ना तालीम. सहा फूट उंच, हात असे की बॉल तळव्यात आंब्यासारखा बसायचा. तो गोलमधनं ओरडला, "ए, तुमची पेठ-बीठ घरात ठेवून या. मला तुम्ही दोघंबी सारखंच पावणं. माझ्याम्होरनं बॉल गेला न्हाय पायजे, बास!" आणि त्यानं आम्हाला नावानं हाक मारणंच बंद केलं. जर्सीच्या नंबरानं ओरडायचा. चार, सरक. सहा, धर त्याला. चार नंबर मी होतो, स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या बरोबर पुढं उभा राहणारा. पाठीमागनं त्याचा आवाज आला की मी डोळे मिटून सरकायचो. महिन्याभरात सगळेच सरकायला लागले.

त्याचं घर जैन, शेतकऱ्याचं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असा आईचा नेम, आणि तो तिला शब्द देऊन बसलेला. प्रॅक्टिस संपायला अंधार पडायचा, म्हणून हा गडी उन्हं उतरली की गोलपोस्टच्या मागं मांडी घालून डबा उघडायचा. आम्ही लगेच ओरडायचो, "गोल मोकळा हाय, हाण!" मग तोंडात भाकरीचा घास तसाच ठेवून तो असा उडी मारून यायचा आणि बॉल अडवायचा की आम्ही हसून हसून खाली बसायचो. गगनबावड्याकडच्या एका कॉलेजशी आमची मॅच झाली तेव्हा चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जात होते. मी दोनदा घसरलो, दोनदा त्यांचा माणूस एकटा त्याच्यासमोर गेला, दोन्हीदा यानं पायातनं बॉल काढला. मला एक शिवी दिली आणि लगेच म्हणाला, "ऊठ भावा, हाय मी."

त्याच्यासाठी ही स्पर्धा गंमत नव्हती. शेवटचं वर्ष होतं. फायनल बघायला विद्यापीठाची निवड समिती येणार होती. विद्यापीठाच्या टीममधनं खेळलेल्याचं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडूंच्या जागेतनं पोलीस भरतीचा अर्ज करता येतो, असं सरांनीच त्याला सांगितलेलं. वडिलांनी घरी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या साली काय झालं तर झालं. न्हायतर म्हशी आणि ऊस. परत बॉलचं नाव काडायचं न्हाय." हे त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं, सेमीफायनल जिंकून आम्ही सगळे गाड्यांवरनं जोतिबाला गेलो तेव्हा, गुलालानं लाल झालेला, पायरीवर बसून. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणालो, "फायनलला एक बी बॉल तुझ्यापतोर येऊ देत न्हाय बघ." किती सहज बोलतो माणूस!

आणि मग तारखा आल्या. कॉलेजची फायनल सकाळी दहाला. त्याच दिवशी संध्याकाळी चारला स्टेडियमवर आमच्या पेठेची मॅच, आणि तीही पलीकडच्या पेठेशी. म्हणजे सकाळी जे एका जर्सीत, तेच संध्याकाळी एकमेकांच्या नरड्याला. आम्ही पंधरा दिवस आधी सरांकडं गेलो, म्हटलं फायनलची तारीख बदलून घ्या. सर म्हणाले, "बघतो." सरांनी काय बघितलं ते त्यांनाच माहीत. सर स्वतः आमच्याच तालमीचे जुने खेळाडू. मॅचच्या दिवशी तालमीत काय चालतं हे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

आमच्या तालमीची रीत अशी. मॅचच्या सकाळी सगळ्यांच्या जर्सी मारुतीच्या पायाशी ठेवायच्या. नारळ फुटला की वस्ताद स्वतःच्या हातानं एकेकाच्या अंगात जर्सी घालणार. आणि एकदा जर्सी अंगात गेली की स्टेडियमला निघेपर्यंत तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही. बाहेर पडलं की नजर लागते, पाय मुरगळतो, असं म्हणतात. कुणी सुरू केलं, कधी केलं, विचारायचं नाही.

मला वाटलं होतं, आठला जायचं, पाया पडायचं, वस्तादांना सांगायचं आणि जर्सी अंगात जायच्या आत सटकायचं. गाडी दारात लावली होती, कॉलेजची किट पाठीवर होती. कॉलेजच्या टीममधल्या आमच्या तालमीच्या बाकीच्या चौघांचंही तेच ठरलेलं. मी पुढं झालो.

"वस्ताद, कॉलेजची फायनल हाय. बारापतोर येतो."

वस्तादांनी मान वर केली नाही. नारळाची शेंडी सोलत म्हणाले, "बारापतोर पाय मोडून घेऊन येशील. तुला कॉलेजनं मोठं केलं का पेठेनं?"

"पेठेनं."

"मग झालं की."

आणि उठून त्यांनी जर्सी माझ्या डोक्यावर धरली. मी काय केलं? हात वर केले. आंघोळ झाल्यावर लहान पोर आईपुढं करतं तसे मुकाट्यानं दोन्ही हात वर केले. एकवीस वर्षांचा घोडा मी! कुणी मला बांधलं नव्हतं. दार उघडं होतं, गाडी दिसत होती. माझ्यामागनं बाकीच्या चौघांनीही हात वर केले. रस्त्यापलीकडच्या तालमीतही तेच चाललेलं, हे न बघताही कळत होतं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन पेठा, पण पोरं डांबून ठेवायची अक्कल अगदी सारखी.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. त्याचं नाव. वस्ताद समोरच सतरंजीवर बसलेले. वाजून थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी आवाज बंद केला आणि फोन किटमध्ये, कॉलेजच्या जर्सीखाली कोंबला. मनाला सांगितलं, आम्ही दोन्ही पेठांची एवढी पोरं नाही म्हटल्यावर मॅच तशीही होत नाही. टीममधले हॉस्टेलवरचे पण संध्याकाळच्या मॅचला जागा धरायला गेले असणार. तिथं चारजण असतील नसतील, मी एकटा जाऊन काय दिवा लावणार? हे मी स्वतःला इतकं पटवलं की नंतर चहा मागवून प्यायलो.

आता संध्याकाळच्या त्या महान मॅचचं ऐका. शून्य-शून्य! दीड तास नुसती ढकलाढकली आणि आई-बहिणीवरनं शिव्या. आणि मी? मी बाकावर! कॉलेजच्या टीममध्ये ज्याच्याशिवाय पान हलत नव्हतं तो मी, तालमीच्या टीममध्ये बदली खेळाडू. वस्तादांनी मला शेवटची चार मिनिटं उतरवलं. बॉलला माझा पाय एकदा लागला, तोही बाहेर मारायला. ह्यासाठी मला डांबून ठेवलं होतं. ह्यासाठी मी डांबून घेतलं होतं. आणि गॅलरीत, आमच्या पेठेच्या बाजूला, पुढच्या रांगेत कोण? सर! सकाळी ज्याच्या टीमला वॉकओव्हर द्यायला लागला तो माणूस दुपारी जेवून, गॉगल लावून पेठेचा झेंडा हलवत होता. त्यांना बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिट्टी झाल्यावर मी खाली उतरून त्यांच्या पायाच पडलो, कारण तसं करायची सवय होती. स्वतःला कानफटवावंसं वाटतं ते आठवलं की.

दोन दिवसांनी विद्यापीठाची टीम जाहीर झाली. गोलकीपर म्हणून कोण, तर कप घेऊन गेलेल्या कॉलेजचा. साखळीत ज्याच्यावर आम्ही तीन गोल मारले होते तो. तो आता पोलिसात आहे. चौकात ड्यूटीला दिसतो, मला ओळखतो, हात करतो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण मी सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत मान दुसरीकडं वळवतो.

आमचा गोलकीपर नंतर कॉलेजला फक्त परीक्षेपुरता आला. मी त्याच्याशी बोललो नाही. दोन-तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. त्या दिवशी मैदानावर कोण होतं, काय झालं, हे हॉस्टेलच्या पोरांनाही कधी विचारलं नाही. हिंमतच नव्हती. बारा वर्षं मी वस्तादांना शिव्या दिल्या, सरांना दिल्या, पेठेला दिल्या. त्यातली एक शिवी खोटी नाही. पण एवढ्या शिव्या देणारा माणूस गडमुडशिंगीला जायचं मात्र टाळत होता, वीस मिनिटांचा रस्ता असून.

सरांचा फोन आल्यावर राहवेना. रविवारी गेलो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. आठवडाभर एमआयडीसीत शिफ्ट, रविवारी म्हशी. पोट सुटलंय, केस गेलेत, हात तेवढे तसेच.

"या पावणं," म्हणाला. पूर्वी भावा म्हणायचा.

"सरांचा फोन आलता का तुला?"

"आलता. येत न्हाय म्हटलं." घमेलं ठेवलं, मला बसायला पोतं टाकलं. घरात चहा सांगितला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मी बोलून गेलो, जे बारा वर्षं घोकून ठेवलं होतं तेच. "त्या दिवशी मी आलो असतो तरी काय झालं असतं? चार-पाच पोरात मॅच हुतीय व्हय?"

"सहा हुतो आमी," तो म्हणाला.

त्यानं घमेलं परत उचललं, म्हशीपुढं वैरण सारली.

"पंच मानूस चांगला हुता. म्हणाला, सात झाले की सुरू करतो. सातजण लागतात, नियमच हाय तसा. अर्धा तास थांबतो म्हणाला. सर बाजूला गप उभारलेले. मग मी इचार केला, कुनाला फोन लावायचा? वस्तादाम्होरनं उठून यील असा एकच वाटला. म्हणून तुलाच केला. दुसऱ्या कुनाला केला न्हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून, स्वतःला सोडवायची शेवटची खटपट म्हणून मी म्हणालो, "आरं पण, सात जणांत आपण हरलोच असतो की. आठ-दहा गोल बसले असते."

"हरलोच असतो," तो म्हणाला. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत, अगदी शांतपणे. "पर निवडणारे हुते की खुर्च्या टाकून बसलेले. सात जणांत सगळे बॉल माझ्याकडंच आले असते."