खालच्या रांगेतला तिसरा खण

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या नाशकात झाला नाही, आणि त्या चौकस माणसाला ‘आता तुमचं वय झालं’ असं सांगून घरी बसवणारा मी. त्यांचं वय झालेलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो आणि ते खोटं सहा वर्षं तसंच राहू दिलं. मामांबद्दल लिहायचं तर गमतीच्या पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्या मी सांगणारच आहे, पण आधी हे सांगून टाकतो. नाहीतर हसता हसता ते पुन्हा राहून जाईल.

मामा पोस्टात होते. तीस वर्षं पार्सलच्या खिडकीवर बसले, आणि त्या तीस वर्षांत एकही पार्सल चुकीच्या खणात टाकलं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव अभिमान. खिडकीतून येणाऱ्या पार्सलला ते आधी हातात घेऊन जोखायचे, मग हलकेच हलवायचे आणि पाठवणाऱ्याला विचारायचे, “लोणचं आहे ना? मुलीला पाठवताय? मग हिंग कमी का?” लोक चिडायचे. पण मुलीला लोणचं पाठवायचं असलं की त्याच खिडकीशी रांग लावायचे. निवृत्त झाल्यावर माणसं संपली, पार्सलं संपली आणि चौकशी तेवढी शिल्लक राहिली. मामी म्हणायच्या, “पहिले तीन महिने त्यांनी माझीच चौकशी केली. लग्नाआधी केली नव्हती तेवढी.”

टोपल्यांचा नाद लागला तो इंदिरानगरातल्या त्यांच्या शेजाऱ्यांमुळे. शेजाऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला येणारा प्रत्येकजण सफरचंदं आणत होता, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला तो बिचारा माणूस सफरचंदांच्या राशीत बसून कंटाळला होता. मामांनी बुरुडाकडून एक वेळूची टोपली आणली. तिच्यात सोलायच्या भुईमुगाच्या शेंगा, वाळ्याची जुडी, वेलदोडे आणि बायकोला हाक मारायला पितळी घंटी भरली. “डोळे बंद आहेत, हात आणि नाक चालू आहे की,” एवढंच ते म्हणाले. शेजारी चार दिवस शेंगा सोलत आणि घंटी वाजवत सुखात राहिले. पाचव्या दिवशी शेजारीणबाईंनी घंटी लपवून ठेवली, पण टोपलीची कीर्ती तोवर कॉलनीभर झाली होती.

मग बारसं, डोहाळजेवण, साठी, बदली, कशासाठीही लोक मामांकडे येऊ लागले. हॅम्पर नावाचा प्रकार तेव्हा नाशकात नुकता दिसू लागला होता. चकचकीत कागद, रिबीन आणि आत पेंढा जास्त, वस्तू कमी. मामांना तो शब्दच आवडायचा नाही. ते टोपली म्हणायचे, आणि कुणाची टोपली ते माहीत असल्याशिवाय भरायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याला पाट देऊन बसवायचं आणि पाच प्रश्न विचारायचे. घरी कोण कोण? सकाळी किती वाजता उठतात? तिखट किती खातात? दात कसे आहेत? आणि यंदा घरात काय झालं? या शेवटच्या प्रश्नावर ते सगळ्यात जास्त वेळ रेंगाळायचे. “लग्न झालं, मूल झालं, कुणी गेलं, कुणी रुसलं, त्यावर आत काय जातं ते ठरतं, जावईबापू. बाकी सगळी सजावट.” भाचीचा नवरा म्हणून मी त्यांचा जावईबापू.

एका बाईंना संक्रांतीला विहिणीकडे टोपली पाठवायची होती. मामांनी विहीणबाईंच्या दातांची विचारपूस केली. बाईंना ते काही सांगता येईना, म्हणून मामांनी सावधगिरीने सगळा तिळगूळ मऊ केला आणि “दातांना त्रास होऊ नये म्हणून” अशी चिठ्ठीही घातली. आठ दिवसांनी टोपली परत आली, तिच्यात काठोकाठ अख्ख्या सुपाऱ्या. मामा इतके खूश झाले की दोन दिवस येईल त्याला त्या सुपाऱ्या दाखवत होते. “दात स्वतःचे आहेत. आणि स्वभावही.”

कारण टोपली परत यायलाच हवी, हा त्यांचा धंद्याचा एकमेव नियम होता. आणि आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मामांचा सगळा जीव त्या परतीच्या टोपलीत असायचा. कुणी घोटीचा तांदूळ घालायचं, कुणी परसातली चार लिंबं, कुणी मुलाने काढलेलं चित्र. परत आलेली वस्तू ते उलटसुलट करून बघायचे आणि त्या घराच्या चिठ्ठीवर नोंद करायचे. या चिठ्ठ्यांसाठी त्यांनी सुताराकडून पोस्टात असतं तसं खणांचं कपाट करून घेतलं होतं. प्रत्येक घराला एक खण. मखमलाबादच्या मळ्यातून फुलं घेऊन येणारी बाई ते कपाट बघून म्हणायची, “फुलंच द्यायची ना मामा, सोयरीक नाय जुळवायची. लय चौकशी करता बाबा तुम्ही.” पुढच्याच महिन्यात तिने पोरीच्या लग्नासाठी त्याच कपाटातून दोन स्थळं काढून नेली.

तीन वर्षांत नादाचा धंदा झाला. पुढच्या खोलीत टोपल्यांची उतरंड, मामी चिवड्याच्या कढईशी, मामा कपाटाशी. दारावर पाटी लागली, ‘भेटीच्या टोपल्या. आधी बोलू, मग भरू.’ आणि इथे मी आलो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो. त्या दिवाळीला मालकांनी कामगारांना मिठाईऐवजी काहीतरी वेगळं द्यायचं ठरवलं, आणि मी मोठ्या ऐटीत मामांचं नाव सुचवलं. एकशेवीस टोपल्या. मला वाटलं होतं मामा नाचतील. ते म्हणाले, “एकशेवीस माणसं आहेत. चौकशी कोण करणार?”

“सगळ्या एकसारख्या भरा की मामा.”

“मग मिठाईच द्या,” ते म्हणाले, “ती एकसारखीच असते.”

शेवटी असं ठरलं की पाच प्रश्नांचे छापील कागद मी न्यायचे, प्रत्येकाला विचारायचं आणि भरून आणायचे. पहिल्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. एका वेल्डरसमोर उभा राहिलो, त्याने काच वर केली आणि ‘तुमचे दात कसे आहेत’ हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. मी पर्सोनेलचा माणूस. मी विचारायला लागलो की लोकांना वाटतं कुणाला तरी काढणार आहेत. मी परत फिरलो. कामगारांच्या फायली काढल्या, त्यात कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेली बायकामुलांची नावं होती, त्यावरून तीन दिवस डब्याच्या सुट्टीत एकशेवीस कागद मी स्वतः भरले. उठण्याची वेळ सगळ्यांना साडेपाच दिली. यंदा घरात काय झालं, या रकान्यात बहुतेकांना ‘विशेष काही नाही’ लिहिलं. अगदी संशय येऊ नये म्हणून अधूनमधून एखादी मुलगी दहावी पास केली.

मामांनी कागद घेतले आणि म्हणाले, “सगळ्यांना भेटलात?”

“भेटलो,” मी म्हणालो.

“कशी आहेत माणसं?”

“चांगली आहेत.”

त्यांनी माझ्याकडे फार कौतुकाने बघितलं. ते कौतुक मला अजून आठवतं.

वसुबारसेला टोपल्या गेल्या. चुका अर्थातच झाल्या, पण गोड झाल्या. एका फिटरला मी, तो आजोबांसारखा दिसतो म्हणून, नातू झाल्याचं लिहिलं होतं. त्याचं लग्न आदल्याच वर्षी, चाळिशीत झालेलं. त्याला खुळखुळा आणि बाळगुटी गेली. शेडमध्ये आठवडाभर हशा झाला, आणि पुढच्या दिवाळीच्या आत त्याला खरोखर मुलगा झाला, तेव्हा टोपलीवाल्या मामांना पुढचं दिसतं असं कारखान्यात ठरून गेलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मामांकडे फराळाला गेलो होतो. दारात एक माणूस आला. हातात टोपली. मी त्याला ओळखलं. आमचे स्टोअरकीपर, नांदगावकडचे, अबोल गृहस्थ. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. का गेलो ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं, पण पाय गेले. आतून ऐकत होतो. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, “फराळ मुलीने खाल्ला. छान होता. हे एवढं परत घ्या. आमच्याकडे यंदा ओवाळणारं कोणी नाही.”

टोपलीत पितळी निरांजन होतं, आणि मामांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘पाडव्याला वहिनींनी यानेच ओवाळावं.’

त्यांची बायको आषाढात गेली होती. सगळं गावी नांदगावकडे झालं. कारखान्यात शेडमधल्यांना माहीत होतं, माझ्याकडे आलं ते फक्त रजेच्या अर्जातून. दहा दिवसांची रजा, कारण ‘घरी दुःखद घटना’. तो अर्ज मी सही करून पुढे सरकवला होता. कारण वाचलं नव्हतं.

स्टोअरकीपर गेल्यावर मामा आत आले. मी हातात पेला धरून उभा होतो. ते म्हणाले, “चिठ्ठी बदलली असणार माझ्याकडून. दुसऱ्या कुणाची त्यांच्या खणात गेली.” आणि माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक मी ‘नाही’ म्हणेन अशी त्यांना आशा होती.

मी म्हणालो, “होतं असं मामा. आता वय झालं तुमचं.”

त्याच संध्याकाळी ते सिडकोत त्या माणसाच्या घरी एकटे गेले आणि चूक आपली म्हणून हात जोडून आले. नंतर दारावरची पाटी काढली. मामींनी पुष्कळ समजावलं. त्या वर्षी घेतलेली लग्नाची कामंही त्यांनी परत केली. “ज्याला खण आठवत नाही त्याने लोकांच्या घरात डोकावू नये,” हे त्यांचं उत्तर. बाजारात जायचं तर पिशवीत यादी, यादी ठेवल्याची दुसरी चिठ्ठी खिशात. दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे. मामी मला हळूच विचारायच्या, “खरंच विसरायला लागलेत का हो हे?” मी त्यांना डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. अशीही वेळ मी येऊ दिली. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी लोकांना काही विचारणंच सोडलं. आमच्या मुलीच्या दहावीच्या निकालाला आले, पेढा खाल्ला आणि गप्प बसले. किती टक्के, पुढे काय, दाढदुखी थांबली का, काही नाही. घरी परतताना बायको रडली. तिला वाटलं मामा म्हातारे झाले.

आमच्या माळ्यावर मामांची एक टोपली होती, याच मुलीच्या आठव्या वाढदिवसाची. तेव्हा ती नादातली पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची असेल. आम्ही ती परत केलीच नव्हती, कांदे-बटाटे ठेवत होतो. दोन हजार पाचच्या सुमाराला घर रंगवायला काढलं तेव्हा ती खाली आली. मी धुतली, गच्चीत वाळवली. रिकामी नेता येणार नव्हती. आत काय घालायचं याचा विचार करत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये गेलो, एक कोरा कागद घेतला आणि स्टोअरकीपरना म्हणालो, “थोडी माहिती हवी होती.” ते निवृत्तीला आले होते, त्यांना ते कागदपत्रांचंच काम वाटलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

टोपली घेऊन मी इंदिरानगरात गेलो. मामांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला. ‘घरी: मी आणि मुलगी. उठणं: चार वाजता, झोप लागत नाही. तिखट: मुलगी करते तेवढं. यंदा घरात: मुलीचं लग्न ठरलं.’ ते उठले, कपाटाशी गेले, न चाचपडता खालच्या रांगेतल्या तिसऱ्या खणातून जुना कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

“मामा,” मी म्हणालो, “चिठ्ठी बदलली नव्हती. तुमच्याकडे आली तीच खोटी होती. एकशेवीसच्या एकशेवीस मी माझ्या मनाने लिहिल्या. मी कुणालाच भेटलो नव्हतो. मला माफ करा.”

मामी दारात थांबल्या होत्या. मामांनी जुना कागद उचलून उजेडाकडे धरला.

“म्हणजे खण बरोबर होता?”

“बरोबर होता.”

“मी बरोबर खणात टाकली होती?”

“हो मामा.”

त्यांनी मामींकडे बघून मान हलवली, जणू सहा वर्षांचं काही भांडण त्यांनी आत्ता जिंकलं होतं. माझ्यावर रागावतील म्हणून मी तयार होतो. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते पुन्हा नव्या कागदाकडे वळले, बोट फिरवत खाली गेले आणि थांबले.

“दातांचा रकाना कोरा आहे.”

“तेवढं विचारवलं नाही.”

“मुलीचं लग्न आहे त्यांच्याकडे. टोपली जायला हवी,” मामा म्हणाले. “उद्या विचारून या, जावईबापू. आणि या वेळी विचारून या.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर बोल्टांची खोकी मोजत होते. मी विचारलं, तुमचे दात कसे आहेत. त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. बारा वर्षांत प्रथमच असेल. “खालच्या दोन दाढा गेल्यात,” ते म्हणाले. “का हो साहेब?”

मग मी तिथल्या स्टुलावर बसलो. आणि पहिल्यांदा त्यांच्या बायकोचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, “वहिनी गेल्या तेव्हाचा तुमचा अर्ज माझ्याच टेबलावरून गेला होता. मी तो वाचला नाही. ते निरांजनही माझ्यामुळे तुमच्या घरी आलं, त्या म्हाताऱ्या माणसामुळे नाही. ते तुमच्यापुढे हात जोडून गेले, ते खरं तर मी जोडायला हवे होते.”

आणि मी ते जोडले.