राहिलेला फर्मा

वजनकाट्यावरच्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. पण डोळ्यांवर चष्मा, कानावर पेन आणि थांबून थांबून बोलण्याची ढब, एवढं भांडवल मास्तर व्हायला पुरतं. खाणीकडचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे त्यांची केबिन. रिकामी गाडी तोलायची, भरून आली की पुन्हा तोलायची आणि दोन्हींतला फरक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. भरलेला ट्रक काट्यावर चढला की केबिन थरथरायची, टेबलावरच्या गिलासातल्या पाण्यावर लहर उठायची. ती लहर विरेपर्यंत मास्तरांचं पेन थांबायचं. मग पुन्हा चालू. अशा लहरींच्या मधल्या मधल्या वेळात, कैक वर्षं खर्चून, मास्तरांनी एक कादंबरी लिहिली.

कादंबरी एका ट्रक ड्रायव्हरची आणि त्याच्या म्हाताऱ्या क्लीनरची. हयातभर गाडी पुसली, पण स्टिअरिंग कधी हाती आलं नाही, असा तो क्लीनर. मध्यावर तो मरतो. बंद रेल्वे फाटकापुढे गाड्यांची रांग लागलेली असते, ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरतो, आणि परत येऊन बघतो तर म्हातारा ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि प्राण गेलेला. त्यानंतरच्या पानांत मास्तरांनी त्याचा उल्लेख एकदाही केला नव्हता. ड्रायव्हर त्याचं नाव घेत नाही. वाचणाऱ्यानेच म्हाताऱ्याला मनात बसवून पुढचा रस्ता काटायचा. सबंध कादंबरीत मास्तरांना अभिमान होता तो या एका गोष्टीचा.

प्रकाशकांकडून बाड जसं गेलं तसं परत आलं. मग मास्तरांनी फंडातले पैसे काढले आणि स्वतःच पुस्तक छापलं. गठ्ठे घरी आले आणि आतल्या खोलीत भिंतीला लागून रचले गेले. बायको त्यांवर धुतलेल्या चादरी ठेवू लागली.

"अहो, विकायची असतात ना पुस्तकं? की खोली भरायची असते?"

मास्तर विकायला बाहेर पडले. केबिनच्या खिडकीत एक प्रत उभी केली. फोनवर मुखपृष्ठाचा फोटो टाकला. पुष्कळांनी अंगठे दाखवले. झेरॉक्सच्या दुकानातून पत्रकं काढून ड्रायव्हरांना वाटली. ड्रायव्हरांनी ती घडी घालून काचेच्या फटीत खोचली, काच वाजायची थांबली. ओळखीचे म्हणायचे, "वा मास्तर, मग आम्हाला कधी देणार?" द्यायची म्हणजे फुकट, सहीसकट. मास्तर देत गेले. आठवड्याने विचारायचे, "वाचलीत का?" समोरचा म्हणायचा, "अप्रतिम!" आणि घाईने खाणीतल्या धुळीचा विषय काढायचा.

शेवटी वाचनालयाने एक कार्यक्रम ठेवला. खुर्च्या बऱ्याच आणि माणसं थोडी. त्यांतले तिघे तर वर्तमानपत्र वाचायला आलेले, उठायचा संकोच वाटला म्हणून बसलेले. मास्तरांनी वाचायला अर्थातच क्लीनरचं मरण निवडलं होतं. प्रुफं वाचून डोळे इतके विटले होते की छापून आल्यावर पहिलं आणि शेवटचं पान सोडून त्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. तिथे उभ्या उभ्या उघडलं. शहाण्णव नंबरच्या पानानंतर एकशे तेरा नंबरचं पान होतं.

मास्तर पुढे चाळत राहिले, मागे आले. टेबलावरची दुसरी प्रत उघडली. तिच्यातही तेच. मग घसा खाकरून त्यांनी पहिलं प्रकरण वाचलं. टाळ्या पडल्या. कुणाला काही कळलं नाही.

"फर्मा राहिला," छापखानेवाला म्हणाला. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. अशा घड्या एकीवर एक शिवल्या की पुस्तक. "बाइंडरकडे हा फर्मा गेलाच नाही वाटतं. सगळ्याच प्रती तशा. चूक आमची, छापून देतो. पण मास्तर, इतक्या महिन्यांत एकानेही सांगितलं नाही तुम्हाला?"

हे शेवटचं वाक्य घेऊन मास्तर घरी आले.

बायकोने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "जन्मभर लोकांच्या गाड्या तोलल्यात. स्वतःचं पुस्तक एकदा काट्यावर ठेवलं असतंत, तर सोळा पानांचा फरक दिसला असता की!"

"तू तरी वाचलंस का?"

"हाताने लिहिलेलं वाचलं होतं. म्हातारा गेला तेव्हा डोळ्यांना पदर लावला, तर तुम्ही म्हणालात, कांदा जरा लांबून चीर." ती चादरीची घडी नीट करत राहिली. "पुढच्या महिन्यात लेक-जावई राहायला येताहेत. ही खोली लागेल. काय ते ठरवा."

घरच्यांचं वाचणं मास्तर धरत नव्हते. राहिलेली पानं पुस्तिका होऊन आली, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं: ज्याला ज्याला पुस्तक दिलं, त्याच्याकडे जायचं. घराबाहेरचा एक जरी माणूस म्हणाला, की हो, मध्ये काहीतरी राहिलंय, तर गठ्ठे ठेवायचे. नाहीतर रद्दीवाल्याला बोलवायचं आणि पेन फक्त चिठ्ठ्यांपुरतं वापरायचं.

सुट्टीच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून ते निघाले. एका बैठकीत संपवली म्हणणाऱ्या मावसभावाने पुस्तिका हातात घेतली आणि म्हणाला, "अरे वा! दुसरा भागसुद्धा आला?" खाणीच्या साहेबांच्या कपाटात पुस्तक काचेमागे होतं, वरचा भेटीचा रंगीत कागदही न फाडलेला. साप्ताहिकाच्या संपादकांनी परीक्षणात 'कथानकाची वीण घट्ट आहे' असं छापलं होतं; ते म्हणाले, "असं होय? तरीच मला वेग फार आवडला." मास्तर प्रत्येक ठिकाणी हसले. हसून हसून गाल दुखले. पिशवी मात्र हलकी होईना.

उन्हं कलली तेव्हा झेरॉक्सवालीचं दुकान राहिलं होतं. पत्रकं काढताना तिने भिडेखातर एक प्रत विकत घेतली होती. मास्तर पायरीवरच थबकले. पाय म्हणत होते घरी चला.

तिनेच आतून पाहिलं. "या मास्तर. किती कॉप्या?"

"कॉप्या नकोत. ते पुस्तक... त्यात थोडी पानं..."

"सत्त्याण्णव ते एकशे बारा," ती म्हणाली.

मास्तरांनी काउंटर धरला. "माहीत होतं? मग बोलली का नाहीस, बाई?"

"कसं बोलणार? तुम्ही इतक्या ताठ मानेने चालत होतात." तिने आवाज खाली आणला आणि मागच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "वडील आहेत आत. ड्रायव्हर होते, आता दिसत नाही. गिऱ्हाईक नसलं की वाचून दाखवते. तिथे येऊन अडले, मग मीच जुळवून दिलं, की क्लीनर वाटेत पाणी प्यायला उतरला आणि मागच्या गाडीत बसला. आता रोज विचारतात, आला का तो? पुस्तक संपलं तरी विचारतात."

पडद्यामागून आवाज आला, "कोण आहे गं? काट्यावरचे मास्तर का? आत पाठव त्यांना."

म्हातारा बाजेवर बसला होता, तोंड दाराकडे नाही, भिंतीकडे. मास्तर स्टुलावर टेकले.

"मास्तर, ही पोर मला फसवतेय," म्हातारा म्हणाला. "क्लीनर गाडी सोडून उतरत नसतो. मेला ना तो?"

मास्तरांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?" पोर दारातूनच म्हणाली.

"सांगायला कशाला लागतं? ड्रायव्हर पुढे त्याचं नावच काढत नाही. पळून गेला असता तर उठता बसता शिव्या घातल्या असत्या. माझाही एक क्लीनर मेला होता असाच, घाटात. मीही नाव घेतलं नाही पुन्हा. ही वाचत असते आणि मला तो शेजारच्या सीटवर दिसत असतो, सबंध रस्ता." त्याने तोंड स्टुलाकडे वळवलं. "तुम्ही लिहिलं होतंत ना ते? की मुद्दामच गाळलंत?"

"लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "राहून गेलं."

"मग वाचा की. आता कुणापासून लपवायचंय?"

मास्तरांनी पिशवीतून पुस्तिका काढली, चष्मा पुसला. दिवसभराचा थकवा आवाजात उतरला होता, त्यामुळे नेहमीसारखं आवाज चढवून वाचणं जमलं नाही. साधंच वाचलं, चिठ्ठीवरचं वजन सांगावं तसं. फाटक बंद झालं. गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरला.

बाहेर कुणीतरी काउंटरवर नाणं वाजवलं. "ताई, दोन कॉप्या!"

"थांबा जरा," झेरॉक्सवाली मागे न वळता म्हणाली. "आत वाचन चाललंय."

मास्तरांनी पान उलटलं. म्हाताऱ्याने मांडीवरचे दोन्ही हात हळूच उचलले होते आणि हवेत काहीतरी गोल धरल्यासारखे धरले होते.